खून नाही, मारामारी नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही : म्मा रामोत्स्वेच्या डिटेक्टिव्ह एजन्सीबद्दल बोलूया

चाफेकळी (धागाकर्ती)

मंडळी, हलकीफुलकी रहस्यकथा सुचवा असं इथे बरेच जण विचारतात आणि दरवेळी तीच ठरलेली नावं येतात, म्हणून या एका बाईसाठी वेगळा धागा काढतेय. कारण मला ती मनापासून आवडते आणि आपल्याकडे तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पुस्तक आहे 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी', लेखक अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ, 1998 मध्ये एडिंबरोच्या पॉलिगॉन प्रकाशनानं काढलं. लेखक स्कॉटिश पण जन्म बुलावायोचा, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतला, आणि पुढे काही काळ बोत्स्वानाच्या विद्यापीठात कायद्याचा विभाग उभा करायला गेलेला. मालिका आता वीस पुस्तकांच्या पार गेलीय. नायिका प्रेशस रामोत्स्वे (म्मा म्हणजे तिथलं आदराचं 'बाई'), पस्तिशीच्या आसपासची, चांगली भरल्या अंगाची आणि त्याचा जराही संकोच नसलेली, बोत्स्वानाची राजधानी गॅबरोनीमध्ये खाले टेकडीच्या पायथ्याशी तिचं ऑफिस. देशातली पहिली आणि एकमेव लेडी डिटेक्टिव्ह.

ऑफिस सुरू कसं होतं तेच बघा. तिचे वडील ओबेड रामोत्स्वे, सगळी उमेद दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत गेली, फुप्फुसं कामातून गेली, पण पै पै साठवून गुरं घेत गेले आणि शेवटी 180 गुरं झाली. हा माणूस मरणशय्येवर आहे, मुलीला सांगतोय की गुरं विक आणि स्वतःचा काहीतरी धंदा टाक, त्याच्या डोक्यात खाटकाचं दुकान वगैरे. ती म्हणते मी डिटेक्टिव्ह एजन्सी काढते, देशात एक नंबरची. म्हाताऱ्याचे डोळे एकदम विस्फारतात, "पण... पण..." एवढंच म्हणतो आणि जातो. वाचताना हसू येतं आणि त्याच क्षणी पोटात तुटतं, आणि लेखक त्यावर एक वाक्य जास्त खर्च करत नाही, सरळ पुढे जातो. मग वकील तिला विचारतो की बायका डिटेक्टिव्ह होऊ शकतात का, तर ती त्यालाच उलट ऐकवते की आजूबाजूला काय चाललंय ते बायकांनाच तर ठाऊक असतं, डोळे त्यांनाच आहेत.

ऑफिसचं भांडवल म्हणजे दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक फोन, एक जुना टाइपरायटर, दाराशी छोटी पांढरी व्हॅन. शिवाय एक किटली आणि तीन मग, एक तिचा, एक सेक्रेटरीचा, एक येणाऱ्या अशिलाचा. किटलीत रुइबोस, तो लालसर बिनदुधाचा चहा. बंदूक, भिंग, फॉरेन्सिक लॅब काही नाही. कोण्या क्लोव्हिस अँडरसन नावाच्या अमेरिकन माणसाचं हेरगिरीचं मॅन्युअल तेवढं असतं (हे मॅन्युअल लेखकानं रचलेलं आहे, शोधत बसू नका), आणि ते ती इतक्या श्रद्धेनं वाचते की मालिकेत फार पुढे हा अँडरसन स्वतः गॅबरोनीला येतो तेव्हा आपल्यालाच गहिवरून येतं.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हा धागा काढला. (इथून पुढे पहिल्या पुस्तकाचे स्पॉयलर आहेत, ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी खाली उडी मारा.)

रहस्यकथेत साधारण असं होतं की गुन्हेगार सापडला, सगळ्यांना हॉलमध्ये बसवून उलगडा केला, पुस्तक संपलं. रामोत्स्वेबाईंचं खरं काम तिथून सुरू होतं. काय घडलं ते तर बाईंना पटकन कळतं, बहुतेक वेळा आपल्यालाही कळतं, पण ते कळल्यावर कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कुणाची अब्रू राखायची आणि कुणाची नाही, यात तिची सगळी हुशारी आहे.

मर्सिडीजची केस घ्या. एक बाई येते, तिला संशय आहे की नवऱ्यानं आणलेली गाडी चोरीची आहे. तिला नवऱ्याला तुरुंगात घालायचं नाहीये पण चोरीची वस्तू दारात ठेवून झोपही लागत नाही. मग रामोत्स्वेबाई काय करतात, ओळखीच्या पोलिसाकडून मूळ मालक दक्षिण आफ्रिकेत शोधून काढतात आणि स्वतःच ती गाडी चोरून मालकाला परत पोचवायची सोय करतात! चोरीची गाडी चोरीला गेली तर नवरा तक्रार करणार कुणाकडे? गाडी मालकाला मिळाली, बायकोचं मन हलकं झालं, संसार शाबूत. कायद्याच्या पुस्तकात हे बसत नाही हे मलाही कळतं पण माणसांत राहणाऱ्या कुणालाही विचारा, न्याय म्हणून यापेक्षा बरं काही सुचणार नाही.

तशीच ती तोतया वडिलांची. हॅपी बापेत्सी नावाची कमावती मुलगी, बँकेत चांगल्या हुद्द्यावर, एक दिवस एक माणूस दारात उभा राहतो, मी तुझा बाप. ती घरात घेते, तो आयतं खातो, हुकूम सोडतो, हलायचं नाव नाही. डीएनए वगैरे काही नाही हं, बाई सरळ नर्सचा ड्रेस उसना आणतात आणि त्याच्यापुढे उभ्या राहतात, तुमच्या मुलीला अपघात झालाय, रक्त हवंय, भरपूर हवंय, रक्ताच्या नात्याचंच हवंय, आणि एवढं दिल्यावर बहुधा तुम्ही वाचणार नाही. बाप असता तर हात पुढे केला असता. हा म्हणतो मी तिचा कोणी नाही! झालं. पाच मिनिटांत केस बंद, खर्च शून्य.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की बाई कुणाला तुच्छ लेखत नाही. लबाड माणसालासुद्धा आधी "कसे आहात, झोप नीट झाली का" विचारते, चहा देते, आणि बोलू देते. गप्प बसून ऐकण्याची ताकद काय असते ते या पुस्तकांत पानोपानी दिसतं. कुणी वाचलंय का? आवडलं, नाही आवडलं, दोन्ही लिहा.

---

कट्टेकरी

कसला भारी धागा! चाफेकळी, मगरीची केस कशी काय सोडलीत? माझी सगळ्यात लाडकी तीच. नवरा एका चर्चच्या नादी लागतो, नदीवर बाप्तिस्म्याला जातो आणि परतच येत नाही, बायकोला वाटतं कुणा बाईबरोबर पळाला. रामोत्स्वेबाई रात्री नदीवर जातात, कुत्रा आमिष म्हणून बांधतात (कुत्र्याला काही होत नाही, काळजी नको), मगरीला गोळी घालतात, पोट फाडतात आणि आत नवऱ्याचं घड्याळ!! ते घड्याळ घेऊन त्या बायकोकडे जाताना बाईंना किती जड झालेलं असतं, आणि बायको काय म्हणते तर बरं झालं, निदान दुसऱ्या बाईच्या मिठीत तरी नव्हता. मी लोकलमध्ये वाचत होतो, मोठ्यांदा हसलो, समोरचे काका बघायला लागले.

आणि "बंदूक नाही" असं लिहिलंय तुम्ही, त्या रात्री तरी होती बरं का.

---

चाफेकळी

हो हो, त्या रात्रीची बंदूक मान्य! पण माणसावर कधी रोखलेली नाही, एवढं तरी लिहू द्या.

---

गॅबरोनीवाली

वा, या विषयावर धागा बघून इतका आनंद झाला! आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं गॅबरोनीत होतो, त्यामुळे ही पुस्तकं मी तिथे बसूनच वाचली. बऱ्याच गोष्टी अगदी जशाच्या तशा आहेत. खाले टेकडी गावाच्या कडेलाच आहे, सकाळी लोक चढायला जातात, वर बबून माकडं असतात आणि हातातली खाण्याची पिशवी दिसली की मग खैर नाही. गावाबाहेर पडलं की रस्त्यावर गुरंच गुरं, रात्री गाडी चालवायची तर आधी गुरांची भीती. आणि गुरं म्हणजे तिथे नुसती जनावरं नाहीत, लग्नात मुलाकडचे मुलीच्या घरी गुरं देतात, माणसाची ऐपत गुरांवरून मोजतात. त्यामुळे बापाची 180 गुरं विकून एका मुलीनं डिटेक्टिव्ह एजन्सी टाकणं ही गोष्ट तिथल्या वाचकाला किती मोठी वाटत असेल ते लक्षात घ्या, आपल्याकडे वडिलांची बागायती जमीन विकून टाकण्यासारखं आहे ते.

नमस्कार-चमत्काराचं पण खरं आहे. दुकानात शिरून थेट "साखर द्या" म्हणालात तर समोरच्याचा चेहरा पडतो. आधी दुमेला म्मा, दुमेला र्रा, कसे आहात, मग साखर. वस्तू देता-घेताना डावा हात उजव्या हाताला लावतात, आदर म्हणून. मी पहिल्यांदा भाजीवालीकडून सुट्टे पैसे एका हातानं घेतले होते तेव्हा सोबतच्या बाईनं हळूच कोपरापाशी हात लावून दाखवला, तसं घ्यायचं असतं म्हणून. पुस्तकात हे सगळं इतकं बारकाईनं आलंय की मला त्या लेखकाचं कौतुक वाटतं, नुसता पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाला हे दिसत नाही.

रुइबोसबद्दल एक सांगते, ती झुडपं बोत्स्वानात होत नाहीत, दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या वरच्या अंगाला सेडरबर्गच्या डोंगरात होतात. पण चहा सगळीकडे मिळतो. सोबत मग्विन्या, तळलेले मैद्याचे गोळे, रस्त्याच्या कडेला बायका विकतात. पावसाळी संध्याकाळी ते खाल्ले की आपल्या भज्यांची आठवण यायची. पाऊस तिथे इतका मोलाचा की चलनाचं नावच पुला, म्हणजे पाऊस. सभेत भाषण संपलं की लोक "पुला!" म्हणून ओरडतात.

---

पिंपळपान

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. मी पहिली तीन वाचली आणि मग सोडली. लेखन गोड आहे, नाकारत नाही. पण एक गोरा प्राध्यापक एडिंबरोत बसून आफ्रिकेतल्या बाईच्या तोंडून "आमचा देश किती छान, आमची जुनी रीत किती छान" असं वदवतो तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं. ज्या काळात ही पुस्तकं आली त्याच काळात बोत्स्वाना एचआयव्हीच्या लागणीत जगात सगळ्यात वरच्या देशांत होता, घरटी माणसं जात होती, आणि पुस्तकांत त्या रोगाचं नावसुद्धा येत नाही, "तो आजार" म्हणून पुढे जातात. बोत्स्वाना 1966 ला स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, तो पैसा शाळा-रस्त्यांत गेला, सेरेत्से खामांसारखा माणूस पहिला राष्ट्राध्यक्ष होता, हे सगळं कौतुकाचं आहेच. पण म्हणून सगळंच गुळात घोळवायचं का?

बोत्स्वाना आतून वाचायचा तर बेसी हेड वाचा. दक्षिण आफ्रिकेतून 1964 मध्ये आली, सेरोवे गावात राहिली, तिथेच 1986 मध्ये गेली. 'व्हेन रेन क्लाउड्स गॅदर' आणि 'मारू'. आणि युनिटी डाऊ वाचा, बोत्स्वानाच्या हायकोर्टाची पहिली महिला न्यायाधीश, त्याआधी मुलांना आईकडून नागरिकत्व मिळावं म्हणून सरकारशी खटला लढून जिंकलेली. तिची 'द स्क्रीमिंग ऑफ द इनोसंट' मुतीसाठी मारल्या गेलेल्या मुलीवर आहे. मुती म्हणजे तिथली मांत्रिकी औषधं, त्यातली काही माणसाच्या अवयवांची. मोचुदीत 1994 मध्ये एका शाळकरी मुलीचा असा खून झाला आणि नंतर विद्यार्थी रस्त्यावर उतरले, हे कादंबरीतलं नाही, खरं घडलेलं आहे. आणि मोचुदी हेच रामोत्स्वेबाईंचं माहेर.

---

चाफेकळी

पिंपळपान, राग कसला, असेच प्रतिसाद हवेत. बेसी हेड आणि युनिटी डाऊ दोन्ही यादीत टाकले.

पण गुळात घोळवलंय हे मला पटत नाही. पहिल्या पुस्तकाचा कणाच मुतीची केस आहे हो. अकरा वर्षांचा पोरगा गायब होतो, मास्तर असलेला बाप पत्र लिहितो, आणि बाईंचे गॅरेजवाले मित्र मातेकोनी, त्यांना दुरुस्तीला आलेल्या एका मोटारीत एक छोटी पिशवी सापडते, त्यात हाड. त्या प्रकरणात बाई पहिल्यांदा खरोखर घाबरलेल्या दिसतात, गावातला बडा माणूस गुंतलाय, त्याच्या घरी जाऊन त्याच्याशी बोलावं लागतं. हे हलकंफुलकं नाहीये. वडिलांचं खाणीतलं प्रकरण घ्या, ते त्यांच्याच तोंडून आहे, खाली अंधारात माणसं कशी राहायची ते. आणि प्रेशसचा पहिला नवरा नोट मोकोती, ट्रम्पेट वाजवणारा, देखणा, तो तिला इतकं मारतो की दवाखान्यात जावं लागतं, आणि तिचं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच जातं. हे सगळं भोगलेली बाई आहे ती. ती हसतमुख आहे ते दुःख माहीत नाही म्हणून नाही.

एचआयव्हीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, नाव घेत नाहीत. पण मला त्यात लपवाछपवी दिसत नाही, त्या घरांत खरंच नाव घेतलं जात नसणार. आपल्याकडे कॅन्सर झालेल्या घरात "त्यांना ते झालंय" असंच बोलायचे ना लोक, आत्ताआत्तापर्यंत. बाईंची सेक्रेटरी मकुत्सी, तिचा भाऊ आजारी असतो, तिच्या खोलीत येऊन राहतो, ती रात्री जागून त्याचं करते आणि सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला येते. त्या दोन-चार पानांत आजाराचं नाव नाही तरी सगळं कळतं, आणि मला वाटतं नाव न घेतल्यामुळेच जास्त लागतं.

---

गॅबरोनीवाली

यात माझी भर. 2002 पासून बोत्स्वाना सरकारनं सगळ्या नागरिकांना एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत राष्ट्रीय पातळीवर असं करणारा तो पहिला देश, मासा नावाचा कार्यक्रम. आम्ही गेलो तेव्हा लोक मोकळेपणी बोलायला लागले होते, पण आधीच्या वर्षांबद्दल विचारलं की अजूनही गप्प व्हायचे. चाफेकळीचं म्हणणं मला तिथल्या अनुभवावरून पटतं. पिंपळपान, युनिटी डाऊबद्दल लिहिल्याबद्दल मनापासून आभार, तिथे त्यांचं नाव फार आदरानं घेतात.

---

दुर्बीण

मकुत्सीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्यासाठी ही मालिका रामोत्स्वेबाईंची जितकी तितकीच ग्रेस मकुत्सीची. बोबोनोंगसारख्या लांबच्या गावातून आलेली, मोठ्ठा चष्मा, सेक्रेटरी कॉलेजात 97 टक्के, आणि नोकरी मात्र कुणी देत नाही कारण 50 टक्केवाल्या देखण्या मुली आधी उचलल्या जातात. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ. ही कुठल्या देशाची गोष्ट आहे असं वाटलंच नाही. पुढे ती असिस्टंट डिटेक्टिव्ह होते, मातेकोनींच्या गॅरेजची मॅनेजर होते, त्या दोन आळशी शिकाऊ पोरांना सरळ करते. ते 97 टक्के ती दर पुस्तकात कुणाला ना कुणाला ऐकवते आणि मला दर वेळी आनंद होतो, ऐकव बाई, तुझ्या कष्टाचे आहेत.

दुसरं म्हणजे खऱ्या लेडी डिटेक्टिव्हचं. आपल्या मुंबईच्या रजनी पंडित माहीत असतीलच बऱ्याच जणांना. वडील सीआयडीत, स्वतः रुपारेल कॉलेजात मराठी साहित्य शिकलेल्या, 1991 मध्ये स्वतःची एजन्सी काढली. खुनाच्या एका प्रकरणात सहा महिने मोलकरीण म्हणून संशयित बाईच्या घरात राहिल्या होत्या. त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय, एकदा घराबाहेर पडायला काही निमित्तच मिळेना तेव्हा सुरीनं स्वतःचा पाय कापून घेतला, पट्टी करायला जाते म्हणून बाहेर पडल्या आणि अशिलाला फोन केला. कादंबरीत लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता! रामोत्स्वेबाईंचा नर्सचा ड्रेस वाचताना मला त्याच आठवल्या. घरात शिरता येणं, कुणाचं लक्ष न जाणं, कामवाली किंवा नर्स म्हणून समोर उभं राहिलं की लोक भिंतीसारखं समजून समोरच बोलतात, हे पुरुष डिटेक्टिव्हला जमणारं नाही.

---

निवांत

+१ दुर्बीण. आपल्याकडे या एजन्स्यांचं बरंचसं काम लग्नाआधीच्या चौकशीचं असतं, मुलगा खरंच तिथे नोकरीला आहे का, आधीचं लग्न आहे का. पूर्वी हे मामा-मावश्या करायच्या. आणि गंमत म्हणजे यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, 2007 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं पण त्याचा कायदा झाला नाही.

मराठीत लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सगळे पुरुष किंवा मुलगे. बाई असायची ती पळवून नेलेली तरी असायची नाहीतर खलनायकाच्या टोळीतली. बंगालीत सुचित्रा भट्टाचार्यांची मितिनमाशी आहे, खासगी डिटेक्टिव्ह, नवरा खाण्याचा शौकीन, भाची तुपुर मदतीला, एकदम घरगुती मामला आणि तरी केस पक्की. 2019 मध्ये सिनेमाही आला. मला मनापासून वाटतं की मराठीत अशी एक बाई यावी, सांगली किंवा नगरसारख्या गावात, स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर ऑफिस, स्कूटी, आणि सगळ्या गावाची कुंडली पाठ. कुणीतरी लिहा हो, पहिली प्रत मी घेतो.

---

अनुस्वार

लिहा म्हणजे काय निवांत, तुम्हीच सुरू करा, स्टँडजवळचं ऑफिस इतकं डोळ्यासमोर आलं की पुढचा भाग कधी असं विचारणार होते.

मी मालिका टीव्हीवर आधी पाहिली, पुस्तक नंतर. गायिका जिल स्कॉट रामोत्स्वेबाई झालीय, अनिका नोनी रोझ मकुत्सी. पहिला भाग अँथनी मिंगेलानं दिग्दर्शित केला आणि तो मार्च 2008 मध्ये बीबीसीवर दाखवायच्या पाच दिवस आधी मिंगेला गेला, त्यामुळे तो भाग बघताना वेगळंच वाटतं. चित्रीकरण बोत्स्वानातच झालंय, ते आभाळ, ती लाल माती, बाभळीसारखी काटेरी झाडं, नुसतं बघायलाही छान. फक्त सात भाग आहेत, पुढे झालेच नाहीत याचं अजून वाईट वाटतं.

प्रश्न: पुस्तकं क्रमानंच वाचायला हवीत का? माझ्याकडे लायब्ररीतून एकदम पाचवं आलंय.

---

चाफेकळी

अनुस्वार, केसेस सुट्या आहेत पण माणसं पुढे सरकत राहतात, म्हणून निदान पहिली तीन तरी क्रमानं वाचा. पहिल्यात मातेकोनी लग्नाचं विचारतात, ती आधी नाही म्हणते. दुसऱ्या 'टीअर्स ऑफ द जिराफ' मध्ये मातेकोनी कुणाला न विचारता अनाथाश्रमातल्या दोन मुलांना घरी आणतात, त्यातली मुलगी व्हीलचेअरवर, आणि हे होणाऱ्या बायकोला कसं सांगायचं म्हणून या भल्या माणसाची जी घालमेल होते ती वाचाच. तिसऱ्या 'मोरॅलिटी फॉर ब्युटिफुल गर्ल्स' मध्ये त्याच मातेकोनींना डिप्रेशन येतं. गाड्यांवर जीव असलेला माणूस गॅरेजला जाईनासा होतो, बोलेनासा होतो, आणि कुणी "मन घट्ट कर" वगैरे सांगत बसत नाही, डॉक्टरकडे नेतात, औषध सुरू होतं, अनाथाश्रमाच्या पोटोक्वानीबाई त्यांना सांभाळतात, मकुत्सी गॅरेज चालवते. 2001 मध्ये एका विनोदी रहस्यकथेत एका मेकॅनिकचं डिप्रेशन इतक्या साधेपणानं आणि आदरानं लिहिलं गेलं, याचं मला फार अप्रूप आहे. तुमच्या हातातल्या पाचव्यात शेवटी लग्न लागतं, त्यामुळे ते थोडं थांबवा. अहो इतकी वर्षं मातेकोनी थांबले.

---

सोलापुरी_चादर

इथे कुणीच पटेल प्रकरणावर लिहिलं नाही? मला तर तेच महत्त्वाचं वाटलं. गॅबरोनीतला श्रीमंत गुजराती व्यापारी, पोरगी सोळा वर्षांची नंदिरा, कुण्या जॅकबरोबर फिरते असा बापाला संशय, म्हणून बाईंना पाळत ठेवायला लावतो. नाव मात्र पालिवालर सुंदिगर पटेल! असं नाव कुठल्या गुजराती घरात ठेवतात? इथे लेखकाचा अभ्यास कमी पडला, बोत्स्वानाची माणसं इतकी बारकाईनं लिहिणाऱ्यानं हे एका फोनवर तपासता आलं असतं.

---

चाफेकळी

नावाबद्दल शंभर टक्के सहमत, मलाही ते खटकलंच. घर, भिंती, बापाचा तोरा हेही थोडं ठोकळेबाज आहे. पण सोलापुरी_चादर, केस मात्र मला फार आपली वाटली. (स्पॉयलर!) जॅक नावाचा कुणी नसतोच. पोरीनं तो बनवलेला असतो, कारण बाप श्वास घेऊ देत नाही, म्हणून निदान एक गोष्ट तरी आपली आणि त्याला न कळणारी असावी. आणि ती स्वतः हे बाईंना सांगते, कारण बाई तिला पकडत नाहीत, सरळ बोलतात. मग बाई बापाकडे जातात. त्यांना फी मिळणारच आहे, "कुणी नाही, निर्धास्त राहा" एवढं सांगून निघता आलं असतं. पण त्या पटेलशेठना समोर बसून सांगतात की पाळत ठेवत राहिलात तर आज नाही तो जॅक उद्या खरा होईल, पोरीला जरा मोकळीक द्या. एवढ्या बड्या माणसाला हे तोंडावर सांगायला मगरीपुढे उभं राहण्याइतकंच धैर्य लागतं असं मला वाटतं.

---

दुर्बीण

हे खरंय. आमच्या वेळी पण असाच एखादा जॅक बऱ्याच मैत्रिणींचा होता, नाव वेगळं एवढंच. 🙂

---

कट्टेकरी

आणि क्रेमलिन बुसांगची केस? नवरा बाहेर भानगडी करतो का बघा म्हणून बायको येते, बाई स्वतःच बारमध्ये त्याच्यासमोर जाऊन बसतात, तो पाघळतो, बाई त्याच्याबरोबरचा फोटो पुरावा म्हणून बायकोला नेऊन देतात. आणि बायको नवऱ्यावर चिडायची सोडून बाईंवरच तुटून पडते! मला कळलं नाही, यात बाईंचं चुकलं की बरोबर?

---

चाफेकळी

माझ्या मते चुकलं, आणि म्हणूनच ती केस पहिल्या पुस्तकात असणं महत्त्वाचं आहे. बाई तेव्हा धंद्यात नवीन आहे, तिला वाटतं पुरावा दिला की काम झालं. बायकोला पुरावा नकोच होता, तिला "नाही हो, तसं काही नाही" हे ऐकायचं होतं. मर्सिडीजवालीच्या वेळी बघा, तिथे बाई आधी विचारते की तुम्हाला नक्की काय व्हायला हवंय, आणि मगच कामाला लागते.

---

अनुस्वार

पाचवं परत केलं, पहिलं आणलं. ओबेडच्या खाणीपर्यंत पोचले आहे. बाकी वाचून झाल्यावर लिहिते, तोवर स्पॉयलर जरा आवरा मंडळी.